हॉलला पडदे घ्यायचेत? आधी आठ दिवस खिडकीची वही ठेवा

पडद्यांच्या दुकानात पाऊल ठेवलं की पहिला प्रश्न येतो, "रंग कोणता दाखवू?" मग ठाणांमागून ठाणं उलगडत जातात. घरच्या सोफ्याची नेमकी छटा डोळ्यांपुढे येत नाही आणि तासाभरात, त्या झगझगीत दिव्यांखाली छान दिसलेलं काहीतरी घेऊन आपण बाहेर पडतो. दोन-तीन महिन्यांनी कळतं की दुपारी चारनंतर टीव्हीवर काही दिसत नाही, पडदा ओढला तर वारा बंद होतो आणि रात्री दिवा लावला की समोरच्या इमारतीतून आपला अख्खा हॉल दिसतो. कापडात खोट नसते. खिडकीला काय हवं होतं, ते कुणी विचारलेलं नसतं.

पुण्यातला आमचा हॉल पश्चिमेला उघडतो. दुसरा मजला, सहा फुटी सरकती खिडकी, बाहेर ग्रिल, पलीकडे वाहता रस्ता. पहिल्या खेपेला मी गडद मरून रंगाचे, बिनअस्तराचे पडदे घेतले. उन्हाळ्यात ते हाताला गरम लागायचे आणि दोन वर्षांत घड्यांच्या कडा विटल्या. दुसऱ्या खेपेला आधी वही केली, मग दुकान गाठलं. तोच क्रम इथे सांगते.

वहीत काय लिहायचं

आठ दिवस, दिवसातून चार वेळा: सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि सूर्यास्ताच्या सुमारास. ऊन फरशीवर कुठपर्यंत येतं तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावा. ऊन कुणाच्या डोळ्यांवर येतं, टीव्हीच्या काचेत खिडकी दिसते का, वारा कुठून शिरतो आणि कुठून बाहेर पडतो, हे लिहा. पावसाळा असेल तर झड कुठवर येते तेही बघा, कारण सरकत्या खिडकीच्या रुळात साचलेलं पाणी पुष्कळदा आतल्या बाजूला ओघळतं. एकदा रात्री हॉलमधला दिवा लावून खाली रस्त्यावर जा आणि वर बघा. या एका फेरीत जे समजतं ते घरात बसून समजत नाही.

दिशेचं गणित थोडं समजून घेतलं तर वही वर्षभरासाठी उपयोगी पडते. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस पुण्यात भरदुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन शिरत नाही, छज्जा ते अडवतो. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो आणि तेच ऊन खोलीत आतपर्यंत येतं. थंडीतलं हे ऊन हवंहवंसं असतं, ते जाड पडद्याने कोंडू नये. उत्तरेला उजेड शांत असतो. तिथे पातळ कापड भागतं. पूर्वेचं ऊन नऊ-दहापर्यंतच त्रास देतं.

खरा प्रश्न पश्चिमेचा. संध्याकाळचा सूर्य खाली आलेला असतो, त्यामुळे दीड-दोन फुटांचा छज्जा त्याला अडवू शकत नाही. उन्हाळ्यात तो थोडा उत्तरेकडे सरकून मावळतो, हिवाळ्यात दक्षिणेकडे, पण पश्चिमेची खिडकी बारा महिने त्याच्या माऱ्यात राहते. तुमची खिडकी पश्चिमेची असेल तर पैशांतला मोठा वाटा तिच्यावरच खर्च करा आणि बाकीच्या खिडक्यांना साधं कापड लावा. सगळ्या खिडक्यांना एकसारखे पडदे असलेच पाहिजेत असा काही नियम नाही. एका रंगाच्या घराण्यातले असले की डोळ्याला खटकत नाहीत.

उन्हाची झळ पडदा किती अडवतो

ऊन एकदा काचेतून आत आलं की ते पडद्यावर पडतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. गडद पडदा जास्त तापतो. म्हणून काचेकडची बाजू पांढरी किंवा फिकट हवी, म्हणजे बराचसा प्रकाश आल्या वाटेने काचेतून परत जातो. पुढून कुठलाही रंग घ्या, मागे पांढरं अस्तर लावा. आमच्या घरात या एका बदलाने संध्याकाळ सुसह्य झाली.

पण सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ऊन काचेपर्यंत पोचूच न देणं. बाल्कनी असेल तर बाहेरच्या कडेला बांबूची चिक सोडा. तिच्या फटींतून वारा येतो आणि काच तापत नाही. आपल्याकडे हे शहाणपण जुनंच आहे. गोव्याच्या जुन्या घरांत खिडक्यांच्या लाकडी चौकटींत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेले दिसतात. त्यांतून दुधाळ उजेड येतो आणि डोळे दिपत नाहीत. विदर्भात उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारतात. बाहेरची हवा कोरडी असल्यामुळे पाणी झपाट्याने उडतं आणि आत येणारा वारा गार होतो. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत मात्र वाळा ओला करून उपयोग नाही. तिथे पाणी उडतच नाही, उलट कोंदट वास धरतो. नागपूरच्या मावशीकडे पाहिलेली गोष्ट ठाण्यात जशीच्या तशी करू नये ती याचसाठी.

दिवसाची आड आणि रात्रीची आड

जाळीचं, पारदर्शक कापड दिवसा उत्तम आड करतं, कारण बाहेर उजेड जास्त आणि आत कमी असतो. रात्री हेच उलटं होतं. आत दिवा, बाहेर अंधार, आणि जाळी असून नसल्यासारखी. वर गुंडाळल्या जाणाऱ्या सपाट पडद्याच्या, म्हणजे रोलर ब्लाइंडच्या, 'सनस्क्रीन' कापडाचंही तेच. त्याच्यावर ३ टक्के, ५ टक्के असे आकडे असतात. तो विणीतल्या मोकळ्या फटींचा हिस्सा. आकडा लहान तेवढी झळ आणि चकाकी कमी, पण बाहेरचं दृश्यही पुसट. रात्री यातला कुठलाही आकडा पूर्ण आड देत नाही.

म्हणून रस्त्यासमोरच्या किंवा इमारतीसमोरच्या हॉलला माझा कौल दुहेरी रॉडला आहे. काचेकडच्या रॉडवर जाळी, खोलीकडच्या रॉडवर अस्तराचा पडदा. सकाळी जाळी ओढलेली आणि जाड पडदा बाजूला, संध्याकाळी दोन्ही बंद. खर्च थोडा वाढतो, पण एकच पडदा दोन विरुद्ध कामं करू शकत नाही.

पडदा की ब्लाइंड

याचं उत्तर बहुतेक वेळा सोफा देतो. सोफा किंवा दिवाण खिडकीला टेकलेला असेल तर जमिनीपर्यंतचा पडदा त्याच्या मागे चुरगळतो, धूळ धरतो आणि रोज सरकवायला अडतो. तिथे रोमन ब्लाइंड किंवा खिडकीच्या कट्ट्याखाली वीतभर येणारा आखूड पडदा बरा. रोमन ब्लाइंड वर ओढल्यावर त्याच्या घड्या एकावर एक बसून आठ-दहा इंच जागा घेतात. ब्लाइंड चौकटीच्या आत बसवला तर तेवढा उजेड कायमचा जातो. शक्य असेल तर तो चौकटीच्या वर, भिंतीवर बसवा.

रोलर ब्लाइंड टापटीप दिसतो आणि धूळ कमी धरतो, पण चौकटीच्या आत बसवल्यास दोन्ही कडांना फट राहते आणि पश्चिमेचं ऊन तिथून पात्यासारखं आत येतं. उघड्या खिडकीत वारा असला की तो आपटतही राहतो. आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड रस्त्याकाठच्या घरात मी घेणार नाही. प्रत्येक पट्टी वेगळी पुसावी लागते. बाल्कनीच्या मोठ्या सरकत्या दाराला मात्र पडदाच. तोही अशा बाजूला गोळा होऊ द्या जिथे न सरकणारी काच आहे, म्हणजे जा-ये करताना तो हाताशी-पायाशी येत नाही.

घरात लहान मूल असेल तर ब्लाइंडच्या लोंबत्या दोरीकडे फार गांभीर्याने बघा. दोरीचा किंवा मण्यांच्या साखळीचा फास गळ्याभोवती बसून मुलं दगावल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. बिनदोरीचा ब्लाइंड घ्या. ते जमत नसेल तर साखळी भिंतीवरच्या पकडीत ताणून पक्की करा, दोरी जमिनीपासून किमान दीड मीटर उंचीवर गुंडाळा आणि खिडकीखाली चढता येईल असं स्टूल, खाट, खुर्ची ठेवू नका.

कापड

सुती कापड वाऱ्याला मोकळं असतं, अंगावरच्या कपड्यासारखं घरात मिसळून जातं, पण धुतल्यावर आटतं आणि कडक उन्हात विटतं. पॉलिस्टर उन्हाला जास्त टिकतं, लवकर वाळतं, इस्त्री मागत नाही. पावसाळ्याचे चार महिने धुणं वाळत नाही अशा घरात हा फार मोठा गुण आहे. दोन्हींचं मिश्रण बहुतेक हॉलना चालतं. लिननची पडण सुंदर असते, पण ते चुरगळतं आणि दमट हवेत त्याची लांबी थोडी कमी-जास्त होते. जमिनीला जेमतेम टेकणारा लिननचा पडदा कोकणात शिवू नये. रेशीम उन्हाने कुजतं. एखादी जुनी पैठणी किंवा सिल्कची साडी पडद्यासाठी कापण्याचा विचार मनात असेल तर ती निदान उत्तरेच्या खिडकीला आणि अस्तर लावूनच वापरा. मखमलीसारखं जड कापड समुद्राकाठी बुरशी धरतं.

हॉलला पूर्ण काळोख करणारं 'ब्लॅकआउट' कापड क्वचितच लागतं. दुपारी दिवाणावर झोपणारे आजोबा असतील किंवा हॉलचीच रात्री झोपायची खोली होत असेल तर जरूर घ्या. त्यात लेप दिलेलं आणि विणीतच काळे धागे असलेलं असे दोन प्रकार मिळतात. लेपाचं कापड पिळलं किंवा लेपाच्या बाजूने इस्त्री केली तर तडकतं. विणीचं जास्त वर्षं जातं.

रंगाबद्दल एवढंच: दुकानातून पाव मीटर तुकडा विकत आणा आणि खिडकीला टाचण्यांनी लावून सकाळी, चार वाजता आणि रात्री तुमच्याच दिव्याखाली बघा. पांढऱ्या एलईडीत राखाडी दिसणारं कापड पिवळ्या दिव्यात मातकट दिसू शकतं. तो तुकडा मग धुऊनही बघा. मोजून धुतला तर आटण्याचा आकडाच हाती येतो.

माप

स्टीलची टेप घ्या. शिंप्याची कापडी टेप ताणली जाते. खिडकीची रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा मोजा, आणि रॉडच्या जागेपासून जमिनीपर्यंतची उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे मोजा. फरशी सरळ असेल असं समजू नका. तिन्हींतलं सगळ्यात लहान माप धरा.

रॉड खिडकीच्या रुंदीएवढाच घेणं ही नेहमीची चूक. दोन्ही बाजूंना निदान सहा-सहा इंच जादा हवा, म्हणजे पडदा उघडल्यावर भिंतीवर जाऊन बसतो आणि काच बरीच मोकळी होते. उंचीलाही चौकटीच्या वर सहा इंच. छत जवळ असेल तर आणखी वर न्या, खोली उंच भासते.

आमच्या खिडकीचा हिशेब मांडते, तुमचे आकडे घालून तोच करा. खिडकी ७२ इंच, दोन्ही बाजूंना ६, म्हणजे रॉड ८४ इंच. चुण्या नीट पडायला कापड रॉडच्या किमान दुप्पट हवं: १६८ इंच. कापडाचा पन्हा, म्हणजे ठाणाची रुंदी, ४८ इंच असेल तर १६८ भागिले ४८, साडेतीन. म्हणजे चार पॅनल, प्रत्येक बाजूला दोन. पन्हा ५४ असेल तर तीन पॅनलमध्ये जवळजवळ भागतं, फक्त मधलं पॅनल उभं कापून दीड-दीड करावं लागतं. तो अर्धा तुकडा भिंतीकडच्या कडेला जोडायला सांगा, मध्यभागी नको. पन्हा किती हे विचारल्याशिवाय मीटर ठरवू नका. पुष्कळदा दर कमी वाटतो आणि पन्हाही कमी असतो.

आता उंची. चौकटीची वरची कड ७ फुटांवर, म्हणजे ८४ इंच, अधिक ६, रॉड ९० इंचांवर. कापडातच रिंगा बसवलेल्या पडद्यात कापड रॉडच्या वर दीडएक इंच जातं आणि खाली फरशीपासून पाऊण इंच सोडायचं, कारण आपल्याकडे रोज केर-फरशी होते आणि लोळणारा पडदा आठवड्यात काळा पडतो. तयार पडदा सुमारे ९१ इंच. वरची पट्टी ४, खालची दुहेरी दुमड ६, म्हणजे १०१. सुती असेल तर आटण्यासाठी आणखी ३. एकूण १०४ इंच, म्हणजे सुमारे २ मीटर ६५ सेंटिमीटर. चार पॅनलना १० मीटर ६० सेंटिमीटर, ११ मीटर घ्या.

मोठ्या नक्षीचं कापड असेल तर ती शेजारच्या पॅनलशी जुळवावी लागते. नक्षी दर २४ इंचांनी येत असेल तर प्रत्येक पॅनलला पाच पूर्ण नक्ष्या, म्हणजे १२० इंच लागतात आणि ११ मीटरचे सव्वाबारा होतात. दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात चारही पॅनलवरचे मोर वेगवेगळ्या उंचीवर आले आणि परत कापड घ्यायला गेले तर ते ठाण संपलं होतं.

तयार पडदे घेणार असाल तर ते साधारण ५, ७ आणि ९ फुटांत मिळतात आणि एक पॅनल बहुधा ४ फूट रुंद असतं. आमच्या ९१ इंचांना ७ फुटी, म्हणजे ८४ इंचांचा पडदा सात इंच आखूड पडला असता. अशा वेळी ९ फुटी घेऊन खालून कमी करून घ्यावा.

भिंत आणि रॉड

रॉड कोसळतो तो बहुधा भिंतीमुळे. खिडकीच्या लगेच वर काँक्रीटची आडवी तुळई, म्हणजे लिंटेल असते. तिथे हॅमर ड्रिल लागतं, पण स्क्रू घट्ट बसतो. आजकाल बऱ्याच इमारतींत भिंती सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यात स्क्रूसाठी भोकात ठोकलेली साधी प्लास्टिकची गिट्टी काही महिन्यांत सैल होते. त्यासाठी वेगळ्या, लांब आणि पसरणाऱ्या गिट्ट्या मिळतात, हार्डवेअरवाल्याला भिंत कशाची आहे ते सांगून मागा. पीओपीच्या छताला ट्रॅक लावायचा असेल तर स्क्रू नुसत्या जिप्समच्या पत्र्यात नको, त्याच्या मागे प्लायवूडची पट्टी आधीच बसवून घ्यावी लागते. फर्निचरचं काम चालू असतानाच सुताराला हे सांगितलेलं बरं.

ब्रॅकेट भिंतीपासून किती पुढे येतो ते बघा. खिडकीला ग्रॅनाइटची चौकट असेल तर तिची कड बाहेर आलेली असते आणि जवळचा पडदा तिच्यावर घासून झिजतो. दुहेरी रॉडचे ब्रॅकेट साधारण पाच-सहा इंच पुढे असतात, ते बहुतेक ठिकाणी पुरतात. चार-पाच फुटांपेक्षा लांब रॉडला मध्ये आधार द्या. रिंगांचा पडदा त्या मधल्या आधारापलीकडे सरकत नाही, म्हणून डावे-उजवे पॅनल आधीच वाटून घ्या. समुद्राकाठच्या गावात लोखंडी रॉड वर्षभरात गंजून पडद्याला तांबूस डाग देतो. स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम किंवा लाकूड घ्या.

शिवताना आणि लावताना

सुती कापड शिवण्याआधी एकदा पाण्यातून काढून वाळवा. अस्तरही. एक आटलं आणि एक नाही तर पडदा कायमचा फुगलेला दिसतो. प्रत्येक पॅनलला रिंगांची संख्या सम ठेवा, ८ किंवा १०, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. जाळीच्या खालच्या दुमडीत वजनाची बारीक साखळी घालून घ्या, नाहीतर पंखा लावला की ती खोलीभर उडते. दिवाळीत खिडकीच्या कट्ट्यावर पणत्या लावत असाल तर त्या दिवसांत जाळी सरळ काढून ठेवा. पॉलिस्टरची जाळी ज्योतीला लागली तर पेट घेते आणि वितळून चिकटते.

शिंप्याला खालची दुमड आधी कच्च्या धाग्याने घालायला सांगा. पडदे लावा, चुण्या हाताने सारख्या करून तीन ठिकाणी कापडी पट्टीने सैल बांधा आणि दोन दिवस तसेच ठेवा, घड्या बसतात. मग आठवडाभर लोंबू द्या. जड कापड स्वतःच्या वजनाने थोडं उतरतं. आमचं एक पॅनल अर्धा इंच उतरलं होतं. त्यानंतर प्रत्येक पॅनलची खालची कड पुन्हा मोजा, खडूने खूण करा आणि तेव्हाच पक्की टीप घाला.